लिंबाजी पोखर्णीकरचं मत

१२ जानेवारी, रविवार

नाही म्हणालो. सरळ नाही म्हणालो!

दुकानात बस्त्याचं गिऱ्हाईक बसलेलं. समोरचे बियाणंवाले किशनराव मोबाइल पुढं करत आत आले. "शिवाप्पा, हे बघा बरं. आमची सत्यशीला म्हणायली हा तुमचा शंभू हाय."

बघितलं. सगळा धूर. चार पोरं एक कणगी ओढत स्टेजवर आणतात — धान्याची कणगी! तिचं झाकण उडतं अन् आतून एक जण निघतो. डोक्याला सोनेरी शिंगं. तोंडाला राख, डोळ्यांत हे एवढं काजळ. अंगावर काळ्या साटीनचा झगा. मग जीभ काढून असा ओरडतो की मोबाइल थरथरला. खाली बँडचं नाव — वेताळसभा, परभणी.

झग्याची किनार माझ्या दुकानातल्या साडीची. मागच्या दिवाळीत शांतानं दोन साड्या बाजूला काढल्या होत्या, भाचीला द्यायच्या म्हणून.

"न्हाई हो," म्हणालो. "शंभू पुण्याला कंपनीत असतो." बस्त्याच्या बाया बघायल्या, म्हणून आणखी पुढं गेलो. "आत्ताच फ्लॅट घेतला त्यानं."

फ्लॅट! कुठून आला तोंडात, देव जाणे. पोरानं कंपनी सोडून दोन वर्षं झाली. परभणीत एका खोलीत पाच जण राहतात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शंभू आला नाही. "कार्यक्रम हाय," म्हणाला. आईचा जीव! शांतानं तिळाच्या पोळ्या एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवल्या. माझ्याशी बोलली नाही.

२० जानेवारी, सोमवार

दुपारी गिऱ्हाईक नसतं. मोबाइलवर शोधलं तर सापडलं — वेताळसभेच्या चाहत्यांचा गट आहे! कितीतरी हजार लोक. आत जायला नाव लागतं. माझं कसं देणार? लिंबाजी पोखर्णीकर असं टाकलं. फोटो नरसिंहाच्या देवळाच्या कमानीचा.

काय काय लिहितात लोक!

एक जण — "गाणी जबरी आहेत. पण ते कणगीतून निघणं बंद करा राव. दोस्तांना दाखवायची लाज वाटते."

त्याला दुसरा — "लाज वाटत असंल तर भजनाला जा. सोंग हाय म्हणून तर मेटल हाय." मेटल म्हणजे ह्या आरडाओरडीच्या गाण्याचं नाव.

तिसरा — "बाहेरचे बँड बघा, अंगावर शहारे येतात. आपल्यांच्या तोंडातलं रक्त गुलाबाच्या सरबताचं. मागच्या वेळी मुंग्या लागल्या होत्या स्टेजला."

हसलो. नंतर हसल्याचं वाईट वाटलं.

पैशाचंही आहे. अल्बम काढायचा म्हणून चाहत्यांकडून हजार-हजार घेतलेत. वर्ष होऊन गेलं, अल्बम नाही. "आमचे पैसे धुरात गेले का?" असं एकानं विचारलंय. खाली भांडणच भांडण. कोणी म्हणतं, पोरं वडापाव खाऊन दिवस काढतेत. कोणी म्हणतं, मग शिंगाला सोनेरी रंग कशाला?

हडळीची हळद म्हणून त्यांचं एक गाणं आहे. त्याच्याखाली कोण्या बाईनं लिहिलंय — "शेवटी शंभुराज एकटा गातो तिथं मला रडू येतं. हसणाऱ्यांनी हसावं."

ते गाणं ऐकलं नाही. लावायला गेलो अन् गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेल्यावरही लावलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

लिंबाजीनं आज पहिल्यांदा मत मांडलं. एवढंच — "आवाज असताना शिंगं कशाला? शिंगं बैलाला शोभतात."

संध्याकाळपर्यंत शंभरावर लोकांनी पसंत केलं! "काका बरोबर बोलले." "लिंबाजी काका झिंदाबाद." दुकानात मी सांगितलेलं कोणी इतकं मनावर घेत नाही. बरं वाटलं. आपल्याच पोराची फजिती करून बरं वाटलं — हे इथंच लिहितो, कोणाला सांगणार?

२६ जानेवारी, रविवार

गंगाखेडचे पाहुणे येऊन गेले. मुलगी शिकलेली, घराणं आपल्यातलं. "मुलगा काय करतो?" त्यांनी विचारलं. कंपनी सांगितली. फ्लॅटही सांगितला. आता किशनरावांना एक अन् पाहुण्यांना एक, असं थोडंच करता येतं?

शांता आतून पाण्याचे तांबे घेऊन आली. माझ्याकडं बघितलं अन् पुन्हा आत गेली. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "त्या पोरीला काय कणगीत बसवणार हाव का तुमी?"

२७ जानेवारी, सोमवार

लिहून टाकलं. 

गटात कोणी तरी लिहिलं होतं, ही पोरं गरीब आहेत, त्यांना पैशावरून बोलू नका. लिंबाजीनं खाली लिहिलं — "गरीब कसली? शंभुराजनं पुण्यात फ्लॅट घेतल्याचं ऐकतो. हजार-हजार कुठं गेले ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं."

का लिहिलं? बँड मोडला तर पोरगं घरी येईल. दुकानात बसेल. लग्न होईल. दुसरं काय मागायलो मी?

२९ जानेवारी, बुधवार

आग लागली गटात. सगळे पुरावा मागायले. मला वाटलं, पुरावा नाही म्हटल्यावर थंड होईल.

तर सत्यशीलानं लिहिलं! किशनरावांची सत्यशीला. "मी पालमची आहे. वेताळसभेची पहिल्यापासूनची चाहती. मला हे लिहिताना त्रास होतो, पण शंभुराजच्या वडिलांनी स्वतः माझ्या वडिलांना सांगितलं, त्यानं फ्लॅट घेतला. ते शब्दाचे पक्के आहेत. सगळं पालम ओळखतं त्यांना."

माझ्या एका खोट्याला माझंच दुसरं खोटं साक्षीदार झालं. अन् त्या पोरीनं मला शब्दाचा पक्का म्हणावं!

३० जानेवारी, गुरुवार

शंभूचा फोन. एरवी तो आईच्या मोबाइलवर करतो.

"आप्पा, तुमी कुणाला फ्लॅटचं काही बोललाव का?"

"कसला फ्लॅट?"

"न्हाई ना?"

"न्हाई."

"बरं. मग झालं." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "तब्येत बरी हाय ना?"

३ फेब्रुवारी, सोमवार

लिंबाजीचं नाव काढून टाकलं गटातून. काय उपयोग? आता सगळेच लिंबाजी झालेत. "फ्लॅटराज" म्हणतात त्याला.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल पिंगळीला गेलो होतो. शांताला सांगितलं, परभणीला माल बघायला चाललो. लग्नाच्या एका लॉनवर वेताळसभेचा कार्यक्रम. तिकीट काढून आत गेलो अन् जनरेटरच्या बाजूला उभा राहिलो, उपरणं तोंडावर घेऊन. सगळी पोरं काळ्या कपड्यातली. एकानं मला खुर्ची आणून दिली. "काका, कानात कापूस घाला, समोर लय आवाज हाय," म्हणाला. चांगली पोरं आहेत हो!

अंधार पडला, ढोल सुरू झाले. कणगी आली. धूर आला. झाकण अडकलं! आतून ढकलायलाय, झाकण निघंना. लोक हसायले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. शेवटी ढोल वाजवणारा नागसेन उठला अन् त्यानं लाथ घातली झाकणाला. शंभू बाहेर आला तर एक शिंग वाकडं. त्यानं ते हातानं सरळ केलं, लोकांकडं बघून मान डोलावली अन् गायला लागला. मग कोणी हसत होतं ते प्रेमानं हसत होतं — तसं ऐकायला यायलं. पुढची पोरं त्याच्यासारखीच जीभ काढून नाचायली. एक आजोबा खांद्यावर नातू घेऊन आले होते. नातवाच्या डोक्याला पुठ्ठ्याची शिंगं.

हडळीची हळद तिथं पहिल्यांदा ऐकलं. हळदीच्या दिवशी मेलेल्या पोरीचं गाणं आहे. ओरडणं, दणदणाट — अन् शेवटी सगळं थांबतं अन् ती पोरगी आईला विचारते, माझे हात कोण धुईल? शंभू एकटा गात होता. काजळ गालावर उतरलेलं. गटातल्या त्या बाईनं खरं लिहिलं होतं.

अन् मागून कोणी तरी ओरडलं, "फ्लॅट!"

मग दुसरा. मग सगळं लॉन. फ्लॅट, फ्लॅट, फ्लॅट! बाटल्या पडल्या स्टेजवर. शंभूनं माइक घेतला. "फ्लॅट न्हाई माझा. खोलीचं भाडं द्यायचं राहिलंय, फ्लॅट कुठला!"

पुढून सत्यशीला उठली. रडत होती पोरगी. "मग तुझे आप्पा खोटं बोलले का? सांग इथं. खोटं बोलले म्हण, आमी ऐकतो."

शंभूनं माइक तोंडाशी धरला.  एक शब्द म्हणायचा होता — हो. खरा शब्द होता. सुटला असता.

म्हणाला, "आप्पांना खोटं पाडणार न्हाई मी. तुमचे पैसे परत करतो. एकेकाचे करतो."

मग शिंगं काढून कणगीवर ठेवली. खाली उतरून गेला.

मी जनरेटरच्या मागं होतो. वीस पावलांवर. उपरणं तोंडावरून काढलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुकान उघडलं. काही सुचत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नागसेन आला दुकानात. मी त्याला पहिल्यांदा जवळून बघितलं. बारीक पोरगा, चष्मा. पाया पडला माझ्या! चहा सांगितला तर नको म्हणाला.

"काका, एकच विचारायला आलो. शंभू आमाला म्हणतो फ्लॅट न्हाई. लोकांपुढं म्हणतो आप्पांना खोटं पाडणार न्हाई. आमी काय समजावं?"

मी म्हणालो, "त्या पैशाचं काय झालं रे?"

"अर्धं रेकॉर्डिंगला गेलं. ते अर्धंच झालंय. बाकीचे लाइट, धूर, टेम्पो." हसला जरा. "एकदा आमी साधं वाजवलं, काका. शिंगं न्हाई, कणगी न्हाई. तीस माणसं आली. जे म्हणत होते सोंग बंद करा, त्यातला एक न्हाई आला. शिंगं काढली की माणसं येत न्हाईत अन् शिंगं घातली की पैसे उरत न्हाईत. चोरी करायला काय राहतंय त्यात?" मग पुढं झुकला. "तुमी फक्त म्हणा, फ्लॅट न्हाई. मी सगळ्यांना सांगतो. पोरं त्याला काढा म्हणायलेत."

त्याच वेळेला किशनराव पायऱ्या चढले. "कोण पाहुणे?"

मी नागसेनला म्हणालो, "ते तुमी शंभूलाच विचारा."

तो उठला. पुन्हा पाया पडला. त्या पाया पडण्यानं मारलं मला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. विभूती लावताना आरशात बघवलं नाही.

६ मार्च, गुरुवार

शंभू आला. एक पेटी, एक गादी. गिटार नाही — विकली. मोटरसायकल विकली. "काढलं मला," एवढं आईला म्हणाला. जेवला. झोपला.

मागितलं होतं तेच मिळालं की.

११ मार्च, मंगळवार

दुकानात बसतो. गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. कापड इतकं सरळ फाडतो की माझा हात तसा चालत नाही. दर दोन दिवसांनी कोणा ना कोणाला हजार रुपये पाठवतो. "कुणाला?" विचारलं. "एक हाय जिंतूरचा," म्हणाला. गुणगुणतसुद्धा नाही. शांता म्हणते, "घरात मुकं जनावर आणून बांधल्यावाणी वाटायलंय."

तिला मी काहीच सांगितलेलं नाही. पण तिला ठाऊक आहे असं वाटतं. भाकरी वाढते अन् तोंड फिरवते.

२३ मार्च, रविवार

आज पाहुणे पुन्हा आले, मुलाला बघायला. शंभूला पांढरा सदरा घालायला लावला. मुलीचे मामा होते, पुण्यात राहणारे. पोहे खाता खाता त्यांनी विचारलं, "फ्लॅट कुठल्या भागात म्हणायचा?"

शंभूनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. असता तर बरं झालं असतं. आजाऱ्याला औषध पाजताना बघावं तसं बघितलं. मग मामांकडं वळून म्हणाला, "वाकडला. अजून ताबा मिळाला न्हाई."

माझ्यासाठी. माझं खोटं ह्या पोरानं खांद्यावर घेतलं अन् नीट बसवलंही!

"नाही," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला. पाहुण्याच्या हातातली बशी हलली. "फ्लॅट नाही. कधीच नव्हता. कंपनीही नाही. हा परभणीत गात होता. शिंगं घालून. मला लाज वाटत होती, म्हणून मी खोटं सांगितलं सगळ्यांना."

मामा म्हणाले, "शिंगं?"

शांता दारात उभी होती. तिनंच सांगितलं, "गातो माझा शंभू. लोक रडतेत ऐकून." पदर तोंडाला लावला.

पाहुणे भलेपणानं उठले. पोहे अर्धे राहिले. मोडलं.

मग राहिलेलंही सांगितलं शंभूला. दुकानात नेऊन, शटर अर्धं खाली ओढून. लिंबाजी मी. फ्लॅटचं गटात लिहिलं ते मी. पिंगळीला होतो तो मी.

"लिंबाजी पोखर्णीकर तुमी?" म्हणाला अन् हसला. लय हसला. कापडाच्या ताग्यांना टेकून हसला. "आमी लिंबाजीला लय घाबरत होतो हो, आप्पा! शिंगं बैलाला शोभतात! नागसेन म्हणायचा, हे म्हातारं कुठं सापडलं तर—" मग ते हसू कुठं संपलं अन् दुसरं काय सुरू झालं, मला कळलं नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा वाटला. ठेवला नाही. मला तोंड होतं का?

शेवटी म्हणाला, "पिंगळीला होताव, तर समोर यायचं होतं एकदा."

२४ मार्च, सोमवार

गटात पुन्हा गेलो. ह्या वेळी शिवाप्पा म्हणून, तोंडाचा फोटो लावून. सगळं लिहिलं. लिंबाजी कोण तेही.

एक जण — "असा बाप वैऱ्याला देऊ नये."

एक — "हेही सोंगच असणार. अल्बमची जाहिरात."

एक — "काका, लिहायला काळीज लागतं. पण तेव्हा फ्लॅटचं लिहिताना ते कुठं गेलं होतं?"

सगळे वाचले. कोणाचंच मत खोटं वाटलं नाही.

मग समोर गेलो, किशनरावांच्या दुकानात. सत्यशीला होती गल्ल्यावर. तिला म्हणालो, "बाळ, तू मला शब्दाचा पक्का म्हणालीस."  तिनं पाणी दिलं.

२७ मार्च, गुरुवार

नागसेनला फोन केला. त्यानं गटातलं वाचलं होतं. मी म्हणालो, "शंभूला परत घ्या. मी दुकानातून साटीन देतो, लाइट देतो, काय लागंल ते देतो."

"काका, त्या दिवशी दुकानात बोलले असते तर…" म्हणाला. शिवी दिली नाही. "बघतो. पोरांशी बोलतो."

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढीला नवं कापड शंभूनंच बांधलं. आज तिघा जणांनी हजार रुपये त्याला परत पाठवले. "राहू दे, अल्बमला वापर," लिहून. त्यानं ते पुन्हा त्यांना पाठवले. "आता कसला अल्बम?" म्हणाला.

नागसेनचा फोन नाही.

६ एप्रिल, रविवार

वेताळसभेनं नवा गायक घेतला. लातूरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ शंभूनंच मला दाखवला, सकाळी, शटर उघडायच्या आधी. कोवळा पोरगा. शिंगं शंभूचीच.

"बरा गातो, आप्पा. न्हाई का?"

"तुझ्यासारखं न्हाई," म्हणालो. हे मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

त्यानं मोबाइल खिशात घातला अन् शटर वर केलं.